हमीपत्र आणि विक्रेत्याचे उत्तरदायित्व : प्रस्तावना

पंखा, फ्रिज, विहिरीवरची मोटार किंवा मोबाईल अशी टिकाऊ म्हणून गणली जाणारी एखादी वस्तू विकत घेऊन जो मनुष्य दुकानाची पायरी उतरतो, त्याच्या हाती वस्तूबरोबर खोक्याच्या तळाशी ठेवलेले एक हमीपत्रही पडलेले असते. ते बहुधा घडी न मोडताच कपाटात जाते आणि वस्तू बिघडल्यावर बाहेर निघते. आणि त्यावर जे छापले आहे तेवढाच आपला हक्क, जे छापलेले नाही ते मागण्याची सोय नाही, व जे काही मागायचे ते कंपनीकडे मागायचे, दुकानदाराचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही, ही समजूत आपल्याकडे आता इतकी दृढमूल झाली आहे की तिच्याविषयी शंका काढणारा इसम दुकानात भांडखोर ठरतो. ही समजूत निराधार आहे, हे दाखविण्यासाठी पुढील पृष्ठांचा प्रपंच केला आहे. ज्याने दाम घेतले तो मालाच्या गुणाबद्दल पहिला बांधील, आणि कारखानदाराचे हमीपत्र ही त्या बांधिलकीत पडलेली भर, ही भूमिका कोणा कार्यकर्त्याच्या उत्साहातून निघालेली नाही. आपल्या देशात १९३० सालापासून अमलात असलेल्या मालविक्री अधिनियमात ती स्पष्ट शब्दांनी नमूद आहे, आणि असे असूनही जवळजवळ शतकभर ती बाजाराच्या वहिवाटीत उतरू शकलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तालुक्याच्या गावी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसणाऱ्याला याचा प्रत्यय वारंवार येतो. कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याने केंद्रातल्या टेबलावर मांडलेले कागद मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. पाच एचपीच्या पाणबुडी मोटारीचे ते कार्ड होते. वर कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत, त्याखाली मोटारीच्या क्रमांकाची चिकटपट्टी, आणि त्याखाली 'खरेदीची तारीख', 'बिल क्रमांक' व 'विक्रेत्याचा शिक्का व सही' अशा तीन चौकटी, तिन्ही कोऱ्या. सोबतचे बिल म्हणजे वहीच्या कागदाचा अर्धा तुकडा. त्यावर 'मोटर ५ एचपी १ नग', शेजारी रक्कम, आणि सही म्हणून ओढलेली एक रेघ. दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, मोटारीचा क्रमांकही नाही. उसाला पाण्याची निकड असताना वाइंडिंग जळाले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आम्ही नुसतं विकतो, गॅरंटी कंपनीची, तुम्ही सर्व्हिस सेंटरला जावा." सर्व्हिस सेंटरच्या माणसाने मोटार उघडून पाहिली आणि सांगितले, की वाइंडिंग जळाले म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न, तो वॉरंटीत बसत नाही, आणि बसता तरी कार्डावर शिक्का नाही, बिल कच्चे आहे, तेव्हा क्लेम पुढे जाणार नाही. पीक डोळ्यांदेखत वाळू द्यायचे नसल्याने त्या गृहस्थाने पदरचे पैसे घालून मोटार रिवाइंड करून घेतली, व मग केंद्रात येऊन त्याने विचारले ते एवढेच, की कंपनीला पत्र कसे लिहावे.

त्या तीन चौकटी भरण्याचे काम दुकानदाराचे होते. ते त्याने केले नाही, पक्के बिल दिले नाही, आणि त्याच्या या दोन्ही कसुरींचा दंड मात्र खरेदीदाराला बसला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मोटार देण्यापूर्वी बोअर किती फूट आहे, पाणी किती उंच चढवायचे आहे, वीज किती तास येते व दाब कसा असतो, याची विचारपूस दुकानदारानेच केली होती आणि त्यावरून "ही घ्या, ही चालेल" असे सांगून त्यानेच ती निवडून दिली होती. या विचारपुशीला कायद्यात किती वजन आहे हे त्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हते, आणि दुकानदारालाही ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

मालाची पारख करण्यासाठी खरेदीदाराला काही मुदत असावी हा विचार आपल्याकडे पुरातन आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे झालेली खरेदी अथवा विक्री मागे फिरविण्यासंबंधीचा वाद, हे एक स्वतंत्र पद असून तेथे दहा दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्यस्मृती याहून बारकाईने विचार करते. बियाण्याच्या परीक्षेला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, वाहतुकीच्या व नांगराच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि दुभत्या जनावराला तीन दिवस अशा निरनिराळ्या मुदती ती घालून देते. त्याच ओळीत दासदासींच्याही मुदती आहेत, आणि त्या काळच्या समाजाचे हे दुःखद सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु या मुदतींमागील दृष्टी मात्र मनन करण्याजोगी आहे. बी उगवून येईपर्यंत त्याचा दोष कळत नाही, गाय तीन दिवस दोहल्यावाचून तिच्या दुधाचा अंदाज येत नाही, लोखंड मात्र घणाखाली घातले की त्याच दिवशी आपला गुण सांगते. म्हणून प्रत्येक वस्तूचा दोष ज्या कालावधीत प्रकट होतो तो कालावधी खरेदीदाराला मिळावा, असे त्या स्मृतिकाराने ठरविले. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरासारख्या टीकाकाराने याच स्मृतीवर भाष्य केले, आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात या व्यवहारपदांचे साक्षेपी विवेचन जिज्ञासूंना सापडेल. मिक्सरला, छत्रीला आणि दूरचित्रवाणी संचाला सरसकट एक वर्ष लावून मोकळ्या होणाऱ्या आजच्या हमीपत्रांत तेवढाही विचार दिसत नाही.

तरीपण आजचा आपला कायदा स्मृतींतून उतरला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तो इंग्लंडातून आला, आणि तेथे त्याचा आरंभ खरेदीदाराला पुरता प्रतिकूल असा होता. १६०३ सालच्या एका प्रसिद्ध खटल्यात एका सोनाराने जहरमोहरा म्हणून शंभर पौंडांना एक खडा विकला. विषावर उतारा म्हणून त्या काळी या वस्तूला मोठे मोल येई. खडा जहरमोहरा नव्हता. न्यायासनाने असे धरले, की सोनाराने तो जहरमोहरा असल्याचे नुसते म्हटले, तशी हमी दिली नाही. सबब खरेदीदाराला दाद नाही. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हे सूत्र त्यानंतर दीर्घकाळ इंग्रजी बाजारावर राज्य करीत राहिले, आणि समोरासमोर होणाऱ्या धान्याच्या, कापडाच्या, घोड्याच्या सौद्यात त्यात थोडेफार तथ्यही होते. परंतु यंत्रयुगात पेटीबंद माल येऊ लागल्यावर डोळे उघडे ठेवून दिसणार काय? हा विचार हळूहळू न्यायाधीशांच्या मनात शिरत गेला आणि १८९३ च्या इंग्रजी मालविक्री अधिनियमात त्याला संहितेचे रूप मिळाले. त्याच कायद्याखाली १९०३ साली निकालात निघालेल्या एका खटल्यातील गृहस्थाने औषधविक्रेत्याकडून शेकण्यासाठी रबरी पिशवी घेतली होती, ती थोड्याच दिवसांत फुटली व त्याची पत्नी भाजली. पिशवी औषधविक्रेत्याने बनविलेली नव्हती. तरीही न्यायालयाने नुकसानभरपाई त्याच्याकडूनच देवविली, कारण शेकण्याची पिशवी मागणाऱ्याने ती कशासाठी हवी हे निराळे सांगावे लागत नाही, आणि ती निवडताना तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबलेला असतो.

आपल्याकडे मालविक्रीविषयीच्या तरतुदी प्रथम १८७२ च्या करार अधिनियमातच एका प्रकरणात होत्या. त्या तेथून काढून १९३० साली त्यांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याचे सोळावे कलम हे या पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र आहे. त्या कलमाचा आशय असा, की खरेदीदाराने आपले विशिष्ट प्रयोजन विक्रेत्यास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कळविले असेल आणि त्यावरून तो विक्रेत्याच्या कौशल्यावर वा निर्णयावर विसंबून आहे हे दिसत असेल, व तशा प्रकारचा माल पुरविणे हा त्या विक्रेत्याचा धंदाच असेल, तर माल त्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे ही अट करारात न लिहिताही असतेच. तसेच तशा मालाचा व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल तर तो बाजारात खपण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे, हीही अट न लिहिता असते. या दोन्ही ठिकाणी कायद्याने कंसात एक वाक्यांश घातला आहे, त्याचा अर्थ असा : तो विक्रेता त्या मालाचा निर्माता किंवा उत्पादक असो वा नसो. 'आम्ही नुसतं विकतो' या उत्तराला कायद्याने दिलेले हे प्रत्युत्तर १९३० पासून पुस्तकात पडून आहे. बोअरची खोली व विजेचा दाब विचारून मोटार देणाऱ्या त्या दुकानदाराला हे कलम तंतोतंत लागू पडते. इतकेच नव्हे, आपल्या तालुक्यात दाब कमीजास्त होतो हे जाणून घेऊनच त्याने मोटार दिली असल्याने, व्होल्टेजमुळे वाइंडिंग जळाले ही सर्व्हिस सेंटरची मखलाशी दुकानदाराच्या बचावाला येत नाही, उलट त्याच्याच अंगावर येते, असे मी म्हणेन.

अशा स्वरूपाचे कलम किती दूरवर पोहोचते याचे उदाहरण १९३५ साली प्रिव्ही कौन्सिलने दिले, आणि प्रिव्ही कौन्सिल हे त्या वेळी आपलेही सर्वोच्च न्यायपीठ असल्यामुळे त्याचे महत्त्व आपल्याला अधिक. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी एका डॉक्टरने दुकानातून लोकरीची अंतर्वस्त्रे घेतली, न धुता अंगात घातली, आणि काही तासांतच त्याच्या अंगाला खाज सुटून पुढे त्वचेचा असा विकार जडला की तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. लोकर तयार करताना वापरलेला सल्फाइटचा अंश कापडात राहून गेला होता. तो डोळ्यांना दिसणारा नव्हता, आणि दुकानदाराला तो कळण्याचा काही मार्गही नव्हता. तरीसुद्धा निर्मात्याला हयगयीबद्दल आणि दुकानदाराला विक्रीच्या कराराबद्दल, असे दोघांनाही उत्तरदायी धरण्यात आले. दुकानदाराचा दोष सिद्ध व्हावा लागला नाही. सदोष माल विकला गेला एवढे पुरेसे झाले. निर्मात्याविरुद्ध हयगय दाखवावी लागते व विक्रेत्याविरुद्ध ती दाखवावी लागत नाही, हा भेद ग्राहकाच्या दृष्टीने मोलाचा आहे, आणि सर्व्हिस सेंटरच्या वाटेला लावलेला ग्राहक नेमका हाच भेद गमावून बसतो.

मग ही वाट पडली कशी? कारखानदार जाहिरातीच्या द्वारे थेट घराघराशी बोलू लागला आणि ग्राहक दुकानात येऊन वस्तूऐवजी नाव मागू लागला, हे त्याचे पहिले कारण. सोळाव्या कलमातच एक परंतुक आहे, की विशिष्ट वस्तू तिच्या पेटंट अथवा व्यापारी नावाने मागितली असता ती विशिष्ट प्रयोजनास योग्य असण्याची अट गृहीत धरली जात नाही. हे परंतुक फक्त प्रयोजनाच्या अटीपुरते आहे, खपण्याजोग्या प्रतीची अट त्याने ढळत नाही. पण 'तुम्हीच नाव सांगून मागितलीत' या वाक्याने आजवर कितीतरी ग्राहक निरुत्तर झाले आहेत. दुसरे कारण बासष्टाव्या कलमात आहे. न लिहिलेल्या अटी पक्षांना आपसांतील कराराने अथवा वहिवाटीने दूर ठेवता येतात, असे ते सांगते, आणि बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा ठसा उमटविण्याचा शिरस्ता या कलमाच्या आडोशाने वाढला. ब्रिटनने असले ठसे ग्राहकापुरते निरर्थक ठरविणारा कायदा १९७३ सालीच केला. आपला १९३० चा कायदा या बाबतीत होता तेथेच उभा आहे.

तिसरे कारण खुद्द हमीपत्राची रचना. ते एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. फ्रिजच्या दारावर 'कॉम्प्रेसर १० वर्षे' अशी ठसठशीत चिकटपट्टी असते. आतील कागदावर मात्र संपूर्ण फ्रिजची हमी एक वर्षाची, आणि कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांत गॅस भरण्याचा खर्च, मजुरी व ने-आण यांचा समावेश नाही, हे बारीक टंकात सापडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर '२४+२४ महिने' असे लिहिलेले असते, त्यातल्या पहिल्या चोवीस महिन्यांत बॅटरी बदलून मिळते आणि नंतरच्या चोवीस महिन्यांत नव्या बॅटरीच्या छापील किमतीत काही सूट मिळते; ती छापील किंमत बाजारभावाहून चढी असल्यामुळे सूट वजा जाता उरणारी रक्कम पुष्कळदा नवी बॅटरी दुकानातून घेण्याच्या जवळपास जाते. घेतेवेळी काउंटरवर मात्र 'चार वर्षांची गॅरंटी' एवढेच कानी पडते, आणि ते वाक्य उच्चारणारा मनुष्य कंपनीचा नसून दुकानदाराचा असतो. तो जे बोलला त्याला तो बांधील आहे, मग ते कागदावर असो वा नसो. अडचण एवढीच, की बोललेले शाबीत कसे करायचे.

महाराष्ट्रात ग्राहकांचे संघटन उभे राहिले ते अशाच अडचणींतून. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि महागाई व भेसळ यांच्याशी झगडत असतानाच ग्राहकाला स्वतंत्र कायदा हवा, स्वतंत्र न्यायपीठ हवे, ही मागणी या मंडळींनी लावून धरली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, व तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याच्या जागी आलेला २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून टप्प्याने अमलात आला. राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार नेता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही; कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत तेवढी पाळावी लागते. याची कार्यपद्धती पुस्तकात यथास्थळ येईल. येथे त्या कायद्यातील दोन व्याख्यांकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे, कारण प्रमेयाचा सारा भार त्यांवर आहे.

त्या कायद्यात 'दोष' म्हणजे जो गुण, प्रमाण, शुद्धता वा दर्जा कोणत्याही कायद्याने, अथवा व्यक्त किंवा ध्वनित कराराने, अथवा व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्याने राखला जावयास हवा होता, त्यातील उणीव. आणि 'व्यापारी' म्हणजे माल विकणारा अथवा विक्रीसाठी वितरित करणारा, ज्यात निर्माताही येतो. ध्वनित करार म्हटला की १९३० च्या सोळाव्या कलमातील न लिहिलेल्या अटी या कायद्यात आपोआप येऊन बसतात, आणि व्यापारी म्हटला की दुकानदार प्रथम येतो, निर्माता त्याच्या पाठोपाठ. याखेरीज सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, व तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे हा कायदा सांगतो. बिल न देणे हीदेखील तशीच अनुचित प्रथा आहे. दोष शाबीत झाल्यास दोष काढून देणे, माल बदलून देणे, किंमत परत करणे व भरपाई देणे, यांपैकी जे न्याय्य असेल ते आयोग फर्मावू शकतो, आणि 'केवळ दुरुस्ती, तीही कंपनीच्या मर्जीने' या हमीपत्रावरील वाक्याने आयोगाचा हात धरला जात नाही.

यावर दुकानदारांच्या वतीने हल्ली एक युक्तिवाद केला जातो, त्याचा परामर्श येथेच घेतो. २०१९ च्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे नवे प्रकरण आहे आणि त्यातील शहाऐंशीवे कलम, निर्माता नसलेला विक्रेता केव्हा उत्तरदायी होतो हे सांगते : मालाच्या घडणीवर, चाचणीवर वा वेष्टनावर त्याचा भरीव ताबा असेल, त्याने मालात फेरफार केला असेल, निर्मात्याच्या हमीहून निराळी स्वतःची हमी दिली असेल, निर्माता कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर हुकूम बजावता येत नसेल, अथवा माल जोडण्यात, तपासण्यात वा निर्मात्याच्या सूचना पोहोचविण्यात विक्रेत्याने कुचराई केली असेल, तर. यावरून, इतर प्रसंगी विक्रेता मोकळा, असे अनुमान काढले जाते. ते चुकीचे आहे. हे प्रकरण मालामुळे झालेल्या इजेविषयी आहे, आणि इजेच्या व्याख्येतून खुद्द मालाचे झालेले नुकसान कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. मोटार फुटून कोणी जखमी झाले तर शहाऐंशीवे कलम पाहावयाचे; मोटार जळून गेली एवढीच तक्रार असेल तर त्या कलमाचा संबंध नाही, तेथे दोषाची व्याख्या आणि तिच्यामागे उभा असलेला १९३० चा कायदा हीच वाट. शिवाय हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना उणेपणा आणण्यासाठी नाही, असे शंभराव्या कलमात म्हटले आहेच. मोठी दालने वस्तूबरोबर जादा पैसे घेऊन जी वाढीव वॉरंटी विकतात, ती तर विक्रेत्याच्या नावाची असेल तेव्हा त्याची स्वतंत्र हमीच होय, व ती घेतल्यावर 'कंपनीकडे जा' म्हणण्याची सोय त्याला मुळीच उरत नाही.

कायदा इतका अनुकूल असूनही ग्राहक हरतो तो बहुधा कागदावर. कच्च्या बिलाची गोष्ट वर आलीच. 'पक्के बिल हवे तर जीएसटी लागेल' असे म्हटल्यावर कच्च्यावर समाधान मानणारा ग्राहक कर तर बुडवितोच, पण आपला पुरावाही त्या थोड्या पैशांत विकून टाकतो, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. शहरांतल्या दालनांत बिल पक्के मिळते, परंतु ते यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदावर असते; त्यावरची अक्षरे शाईची नसून उष्णतेने उमटलेली असल्याने पाकिटात किंवा ऊन येणाऱ्या कपाटात राहिलेल्या बिलावर काही महिन्यांनी फिकट करड्या छटेपलीकडे काही उरत नाही, आणि हमीची मुदत चालू असताना तिचा पुरावा मात्र नाहीसा झालेला असतो. अशा बिलाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, ही क्षुल्लक वाटणारी सूचना या पुस्तकात एकाहून अधिक वेळा आली आहे, ती हेतुपुरस्सर. तीच गोष्ट लेखी कळविण्याची. सदोष वस्तू नाकारण्याचा हक्क वाजवी मुदतीत न बजावता ती ठेवून घेतली, तर कायदा ती स्वीकारली असे धरतो आणि मग परतीऐवजी केवळ भरपाईचा दावा हाती उरतो. म्हणून दोष दिसताच दुकानदाराला तारखेसह दोन ओळी पाठविणे हे सर्व्हिस सेंटरच्या दहा फेऱ्यांहून हिताचे.

कागदानंतरची अडचण शाबितीची. दोष कारखान्यातला की वापरातला, हे दाखविण्याचा बोजा आपल्याकडे तक्रारदारावर पडतो. आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो हे खरे, पण रिवाइंड झालेली मोटार तपासणार कशी, आणि शेतात पेरून संपलेले बी कोठून आणणार? बियाण्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिले : शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि चाचणीसाठी त्याने बी बाजूला काढून ठेवले असेल अशी अपेक्षा धरणे रास्त नाही. हेच तत्त्व यंत्रांना व उपकरणांना लावून घेण्यासाठी कायद्यातच दुरुस्ती झाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यान्वये विक्रीनंतर सहा महिन्यांत प्रकटलेला दोष प्रथमपासूनच होता असे साधारणतः धरले जाते व तसा तो नव्हता हे विक्रेत्याने दाखवावयाचे असते. युरोपीय संघाने १९९९ च्या निदेशात हीच सहा महिन्यांची मुदत घातली होती, ती २०१९ मध्ये एक वर्षापर्यंत वाढविली. तेथे दाद मागावयाची ती विक्रेत्याकडे, आणि निर्मात्याची हमी ही ऐच्छिक भर, ही गोष्ट कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. आपल्याकडेही असे गृहीतक आले, तर जिल्हा आयोगापुढील कितीतरी प्रकरणे आयोगाच्या दारापर्यंत जाण्याआधीच काउंटरवर मिटतील.

घरबसल्या होणाऱ्या खरेदीविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी, सदोष, बनावट अथवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येणार नाही असे ठरविले. तेथे मंच एकाचा, विक्रेता दुसरा आणि हमी तिसऱ्याची असते, आणि ग्राहकाला आपण नक्की कोणाकडून घेतले हेच बिल उघडून पाहीपर्यंत ठाऊक नसते; तेव्हा बिलावर विक्रेता म्हणून ज्याचे नाव आहे तो दुकानदार, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे वरील सारे विवेचन तेथेही लागू पडते.

शेवटी दुकानदाराविषयी. हे पुस्तक त्याच्याविरुद्ध लिहिलेले नाही, आणि गावच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणाऱ्या, सणासुदीच्या गर्दीतही कार्डावर शिक्का मारून तारीख घालून देणाऱ्या व्यापाऱ्यांना मी जवळून ओळखतो. त्यांची अडचण खरी आहे. वस्तूमागे सुटणारा नफा अल्प, बिघडलेला माल वितरक परत घेत नाही, कंपनीचा प्रतिनिधी पुढच्या महिन्याच्या मागणीखेरीज दुसरे बोलत नाही, आणि ग्राहकाला बदलून दिलेल्या नगाचे पैसे दुकानदाराच्याच अंगावर पडतात. अशा स्थितीत त्याने ग्राहकाला सर्व्हिस सेंटरची वाट दाखविली तर त्यात दुष्टपणापेक्षा हतबलता अधिक असते. परंतु १९३० च्या कायद्यापुढे वितरकाशी होणाऱ्या सौद्यात दुकानदार हाही खरेदीदारच आहे, आणि खपण्याजोग्या प्रतीची अट त्याच्या बाजूनेही तितकीच लागू आहे. उणीव आहे ती दाद मागण्याच्या मार्गात : पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार त्याला बंद, आणि दोन-चार नगांसाठी दिवाणी न्यायालयात वितरकावर फिर्याद करणे त्याला परवडत नाही. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निदेशाने ग्राहकाला विक्रेत्याच्या दारी उभे करतानाच, त्या विक्रेत्याला पुरवठ्याच्या साखळीत मागे असलेल्या दोषी व्यक्तीकडून आपली रक्कम वसूल करण्याचा मार्ग असावा असेही घालून दिले होते. तशी तरतूद आपल्याकडे होईपर्यंत, सदोष नग ठरावीक दिवसांत बदलून देण्याचे अथवा त्याची रक्कम खात्यावर जमा करण्याचे कलम व्यापारी संघांनी वितरकांशी होणाऱ्या करारनाम्यांत आग्रहाने घालून घ्यावे. एकट्या दुकानदाराला ते जमणार नाही, संघाला जमेल. त्या कलमाचा एक मसुदा परिशिष्टात दिला आहे, आणि ग्राहकांसाठी दिलेल्या तक्रार-अर्जाच्या नमुन्याआधी तो छापावा, असे मी प्रकाशकांना मुद्दाम सांगितले आहे.